लक्ष्मीबाईंना ‘भोळ्या’ म्हणू नका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, तेव्हा चार ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. लक्ष्मीबाई टिळक साध्याभोळ्या होत्या, त्यांना जोडाक्षरंसुद्धा धड लिहिता येत नव्हती, मनात आलं तसं त्यांनी कागदावर उतरवलं आणि तोच त्या पुस्तकाचा गोडवा. माझ्यासारखी माणसं त्यात सनावळ्या, आवृत्त्या आणि ‘रचना’ शोधतात, म्हणजे जिवंत पुस्तकाचं शवविच्छेदन करतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, इंग्रजी चरित्राशी त्यांचं लिखाण ताडून पाहणं हा तर एका खऱ्या बाईच्या शब्दावर दाखवलेला अविश्वास. तुमच्या आईंनी हे पुस्तक घरात मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा कुणालाही तळटीप लागली नव्हती, असंही तुम्ही लिहिलंय.

तळटीप लागत नाही हे अगदी खरं. हसायला आणि रडायला ती कधीच लागत नाही. पण ‘भोळ्या’ हे मला मान्य नाही, आणि माझा सगळा लेख त्याच एका गोष्टीसाठी होता.

पुस्तकाची सुरुवात पुन्हा एकदा काढून बघा. १८५७ च्या बंडापायी आजोबांना झालेली फाशी सुरुवातीलाच येते. तिचा धसका वडिलांनी असा घेतला की त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, स्पर्शाचं भय चोवीस तास, आणि त्या भयाखाली सगळं घर दबलेलं. लक्ष्मीबाई हे सांगतात, आपण हसतो, पोरांचे हाल वाचून गलबलतो आणि पुढं जातो. मग कितीतरी पानांनंतर हीच मुलगी मोठी होऊन ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या घरी राहायला येते. तिथंही ती आपलं सोवळं सांभाळत असते आणि शेवटी एक दिवस ते मनातून टाकून देते. जात देवानं केलेली नाही, माणसानं केली, इथपर्यंत ती आपल्या विचारानं पोचते. हा प्रसंग एवढा मोठा का वाटतो? नानांचं, म्हणजे वडिलांचं, घर त्यांनी आधीच आपल्या डोळ्यांसमोर उभं करून ठेवलंय म्हणून. तिथं कुठंही ‘पुढं मी हेच सोडणार आहे’ असा इशारा नाही. एखाद्या गोष्टीचं कारण आधी सांगून टाकायचं, परिणाम लांबवर ठेवायचा आणि मधला धागा वाचकाच्या हाती सोडायचा, हे मनात आलं तसं लिहून होत नाही. काय सांगायचं आणि कधी सांगायचं हे ज्याला पक्कं कळतं त्यालाच ते जमतं.

जोडाक्षरांचं म्हणाल तर ती शाळेत शिकवतात. गोष्ट कुठं थांबवायची हे शाळेत शिकवत नाहीत. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि अक्षरओळख नवऱ्याकडून झालेल्या बाईला शुद्धलेखन आलं नाही, यावरून तिला रचना येत नव्हती असं ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे. गेली कित्येक दशकं आपण तो कौतुकाच्या सुरात करत आलोय. ‘किती सहज, किती निरागस!’ असं म्हटलं की बाईच्या बुद्धीबद्दल बोलायची गरजच उरत नाही. पुरुष लेखकाच्या साधेपणाला आपण शैली म्हणतो, बाईच्या साधेपणाला स्वभाव म्हणतो. याची मला खरोखर चीड येते.

आता इंग्रजी चरित्राबद्दल. ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक जे. सी. विन्स्लो यांनी लिहिलेलं ना. वा. टिळकांचं चरित्र १९२३ साली, म्हणजे टिळक गेल्यानंतर चार वर्षांनी निघालं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ मध्ये. म्हणजे लक्ष्मीबाईंचं पुस्तक लोकांपुढं आलं तेव्हा टिळकांची एक ठसठशीत प्रतिमा आधीच तयार होती: भक्त, कवी, देशभक्त. धर्मांतराची गोष्ट घ्या. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ टिळकांना भेटतो, ‘नवा करार’ हातात देतो, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा होतो. टिळकांच्या बाजूनं हा सत्याकडे झालेला प्रवास आहे. लक्ष्मीबाई ना त्या डब्यात होत्या ना त्या बाप्तिस्म्याला. त्यांच्या वाट्याला आली ती बातमी, आणि बातमीमागून आलेले नातेवाईक, कुजबुज, पदरातला लहानगा मुलगा दत्तू आणि उद्याची चिंता.

मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली ती यासाठी. कोण खोटं बोलतंय हे मला पकडायचं नव्हतं, कोण कुठं उभं होतं हे बघायचं होतं. घरखर्चाचे पैसे भलतीकडेच उडवून येणारे, रागाच्या भरात निघून जाणारे, परक्या पोरांना घरी आणून ठेवणारे आणि तरी जीव लावावा असे टिळक फक्त लक्ष्मीबाईंच्या जागेवरूनच दिसू शकतात. ताडून पाहिल्यानं त्यांच्या साक्षीचं वजन वाढतं, कमी होत नाही.

सनावळ्यांवर तुमचा विशेष राग दिसतो. लक्ष्मीबाई स्वतः सन क्वचितच देतात, मग आपण का शोधायचे, हा तुमचा प्रश्न वाजवी आहे. याला एकच उदाहरण देतो, पण जरा थांबून.

१८९५ ते १९०० ही पाच-एक वर्षं घ्या. टिळक ख्रिस्ती झाले होते, लक्ष्मीबाई हिंदूच होत्या आणि मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं पंढरपूरला वगैरे राहत होत्या. पुस्तकात हा काळ रडू आणि हसू एकत्र आणत सरकतो, आणि ‘नवरा-बायको दुरावले, मग एकत्र आले’ एवढंच आपल्या लक्षात राहतं. आता बाहेर काय चाललं होतं ते बघा. १८६६ पासून एक कायदा अमलात होता. कुणी ख्रिस्ती झालं आणि त्या कारणावरून जोडीदार नांदायला तयार नसेल, तर धर्मांतरिताला कोर्टात जाता येत असे. कोर्ट वर्षभर थांबायला लावी आणि त्यानंतरही नकार कायम राहिला तर लग्न मोडता येत असे, दोघांनाही पुन्हा लग्न करायची मुभा मिळे. दुसरीकडे मार्च १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टानं, लहानपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना सांगितलं होतं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. पुढं १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, विधवांसाठीच्या त्यांच्या संस्थेत, मुलींना ख्रिस्ती केलं जातं या आरोपावरून पुण्यात गदारोळ झाला आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्मांतर आणि बाई हे शब्द एकत्र आले की आग भडकावी, अशी ती वर्षं.

हे माहीत झाल्यावर तीच पानं पुन्हा वाचा. कायद्यानं मोकळं होण्याची वाट उघडी असताना टिळक तिकडे गेले नाहीत, वाट बघत राहिले. आणि लक्ष्मीबाई? त्यांना कुणी हुकूमनाम्यानं आणलं नाही. भोवतालचं सगळं गोत विरोधात असताना त्या आपल्या पायांनी परत आल्या. आल्याबरोबर ख्रिस्तीही झाल्या नाहीत, आधी आपलं आपण तपासून घेतलं, आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. सन काढून टाकले तर ही एक प्रेमळ बायकोची गोष्ट उरते. सन हाताशी असले की त्या काळातल्या एका बाईचं धैर्य किती होतं ते कळतं. तळटिपेनं मला हे दिलं, म्हणून मी तिच्या बाजूनं बोलतोय.

बालकवींचाही उल्लेख करायला हवा. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर ठोमऱ्यांचा हा मुलगा टिळकांच्या घरी नगरला राहिला. त्याच्या कवितांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. पण घरात वावरणारा, रुसणारा, घाबरणारा पोरगा बघायचा असेल तर अभ्यासकाला लक्ष्मीबाईंच्याच दारात जावं लागतं. ‘भोळ्या’ बाईच्या आठवणींवर असा भरवसा आपण ठेवला असता का?

आवृत्त्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की मुलानं केलेल्या कामावर मी संशय घेतला. तसं नाही. मुळात देवदत्तांना, म्हणजे दत्तूला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आईनं आठवणी लिहायला घेतल्या. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ ला गेल्या आणि चौथा भाग त्यानंतर निघाला. पुढं देवदत्तांनीच संक्षिप्त आवृत्ती केली, ती साहित्य अकादमीनं काढली. १९८९ मध्ये नातू अशोक टिळक यांनी टिपांसह सगळा मजकूर नव्यानं सिद्ध केला. १९५० चं इंकस्टरबाईंचं इंग्रजी भाषांतर आणखी वेगळं. तेव्हा ‘लक्ष्मीबाई असं म्हणतात’ असं कुणी लिहिलं की कुठल्या पुस्तकात म्हणतात, हे विचारावंच लागतं. संक्षिप्त प्रत वाचून ‘त्या अमुक गोष्टीबद्दल गप्प राहिल्या’ असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचलेत. गप्प त्या नव्हत्या, मजकूर कापलेला होता. नातवानं एवढे कष्ट घेतले ते आजीवर अविश्वास होता म्हणून का?

एका बाबतीत मात्र तुमचा वैताग मला पटतो. लेखकांवरचं बरंचसं संशोधन आपल्याकडे बढतीसाठी लिहिलं जातं. त्यात परिभाषेचा खच असतो, मूळ पुस्तक वाचल्याची खूण नसते आणि ते वाचून कुणी ‘स्मृतिचित्रे’ हातात घेईल अशी शक्यता नसते. अशा लिखाणाला तुम्ही शवविच्छेदन म्हटलंत तर मी वाद घालणार नाही. चरित्राचा अभ्यास करणाऱ्यानं आधी त्या माणसावर जीव लावलेला असावा, हे मीही मानतो. पण जीव लावला म्हणून प्रश्न विचारू नयेत, हे मात्र मानत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः टिळकांवर जीव ओवाळला आणि त्यांचा एकही दोष लपवला नाही.

पुढचा लेख लिहू नका, असं तुम्ही शेवटी सुचवलंय. तो मी लिहिणार आहे. विषय पंढरपूरची वर्षं हाच असेल, आणि संक्षिप्त आवृत्तीत त्यातलं काय राहिलं नि काय गळलं हे त्यात पानोपान दाखवीन. तो वाचून तुम्हाला वाटलं की पुस्तक कुठं मेलंय, तर तो परिच्छेद सांगा, आपण त्याच परिच्छेदावर बोलू.