सव्वादोन वाजता डोंगरमाथ्यावर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात रोज दुपारी बाराच्या ठोक्याला किल्ल्याच्या टेकडीवरून धडाम् असा आवाज होतो. सांगतात ते असं की, १८६०च्या सुमारास थॉमस कॉव्हेंट्री नावाचा एक स्कॉटिश सरदार थंडीत इथे मुक्कामाला यायचा. त्याची बायको सकाळी गप्पा मारायला बाहेर पडली की जेवणाची वेळ साफ विसरायची. शेवटी या गृहस्थाने गावच्या कारभाऱ्यांना गाठून बारा वाजता तोफ उडवायची व्यवस्था केली. सरदार गेला, बाईसाहेब गेल्या, बार काही थांबला नाही. हल्ली तोफेच्या जागी मोठा फटाका उडवतात एवढंच.

आमच्या मावशी (म्हणजे बायकोच्या, वेंगुर्ल्याच्या) तो आवाज पहिल्यांदा ऐकून खुर्चीतून उठल्याच. "हंय सुरुंग लावतत की काय?" मी किस्सा सांगितल्यावर त्यांनी सगळी सहानुभूती त्या बाईला दिली. मला मात्र एका नवऱ्याचा वैताग म्हणून तो पटला. त्यातली खरी धमकी कळायला वेळ लागला. त्या प्रांतात दुपारचं जेवण बारा ते दोनमध्ये उरकायचं असतं. दोन वाजले की स्वयंपाकी ॲप्रन काढतो आणि मग तुम्ही कितीही दीनवाणा चेहरा केलात तरी सात वाजेपर्यंत चूल पेटत नाही. आणि आमच्याकडे सुट्टीतला माणूस अकराला नाश्ता आटोपून "आता जेवणाचं काय?" हा विषय दीडला काढतो.

सहलीची आखणी साडूची होती. साडू जर्मनीत श्टुटगार्टला असतो, त्यामुळे त्याच्याकडे एक्सेल होतं. त्यात ट्रेनच्या वेळा, बसचे नंबर, सूर्यास्त, सगळं रंगीत रकान्यांत. जेवणाचा रकाना मात्र नव्हता. "वाटेत बघू की," असं त्याचं म्हणणं. या माणसाला वाट म्हणजे पुणे-मुंबई रस्ता वाटत असावा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या किनाऱ्यावरची देखणी गावं दोन जातींची. एक समुद्राला पाय लावून बसलेली : व्हिलफ्रांश, आंतीब, मांतों. दुसरी कड्यांच्या टोकावर चिकटवलेली. मध्ययुगात समुद्रातून चाचे येत, लुटालूट करत, माणसं पकडून नेत. म्हणून लोकांनी बिऱ्हाडं उचलली आणि डोंगरावर नेली. घरं एकमेकांना खेटून, कडेच्या घरांच्या भिंती हाच तट, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून छत्री आली तर मागे सरावं लागतं. येणारा दमून परत फिरावा हाच सगळ्या बांधकामाचा हेतू. तो हेतू आजही उत्तम साधतो. चाच्यांना निदान वर गेल्यावर काहीतरी खायला मिळत असेल.

एझ हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं गाव. रेल्वेचं स्टेशन खाली समुद्रापाशी आणि गाव वर चारशे मीटरहून अधिक उंचीवर. स्टेशनातून वर बस जाते. पण साडूच्या एक्सेलमध्ये पायवाट होती.

"याच वाटेने नीत्शे चढायचा," साडू म्हणाला. "चढता चढता ग्रंथातलं एक प्रकरण सुचलं त्याला."

"कोण हा?" मावशी.

"जर्मन तत्त्वज्ञ, मावशी."

"लग्न झालेलं?"

"नाही."

"तरीच," म्हणून मावशी बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आमच्या दोघांच्या बायका.

मी साडूबरोबर गेलो, कारण साडू चढतो आणि आपण बसने जातो याची चर्चा पुढची दहा वर्षं लग्नामुंजीत झाली असती. वाट सुरुवातीला पाइनच्या सावलीतून जाते. मग सावली संपते आणि पांढरा चुनखडीचा दगड खालूनवरून दोन्हीकडून भाजायला लागतो. मला नागमोडी वळणावर काहीही सुचलं नाही. साडूला एकदा सुचलं, पण ते घड्याळात बघून : "दीड वाजला." इंग्रज लोक या किनाऱ्यावर थंडीत यायचे आणि ऊन तापलं की चंबूगबाळं आवरून घरी पळायचे. शहाणी माणसं. आम्ही जूनच्या अखेरीस आलो होतो.

वर पोचलो तेव्हा तिघी एका कमानीखाली दगडावर बसल्या होत्या. तिथे त्या साडेबारापासून होत्या. समोर हॉटेल होतं, टेबलं रिकामी होती, फळ्यावर खडूने दिवसाचा मेनू लिहिलेला होता. "पण पुरुषमाणसं यायची आहेत, त्यांना सोडून कसं जेवायचं?" असा मावशींचा निवाडा झाला होता. आता सव्वादोन. वेटर पोरगा टेबलावरचे कागद गोळा करत होता. साडूने आधी नीट "बाँझूर" म्हटलं, कारण ते म्हटल्याशिवाय तिथे माणूस तुमच्याकडे बघतही नाही. पोराने तितक्याच नम्रपणे बाँझूर म्हटलं आणि किचन बंद झालं म्हणून सांगितलं. शेजारच्याच टेबलावर एक जोडपं चीज संपवून गोडाकडे वळत होतं, अगदी सावकाश, जणू उद्याच्या बाराच्या बारापर्यंत त्यांना वेळ होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, आणि तेवढ्यावर भागलं असंही नाही.

मग पोटात काही नाही तर डोळ्यांना तरी, म्हणून गावाच्या अगदी माथ्यावरच्या बागेत गेलो. तिथला किल्ला चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडून टाकला, आणि त्याच्या अवशेषांवर आता निवडुंगाची बाग आहे. निवडुंग बघायला तिकीट! मावशींच्या परसाच्या गडग्यावर तो फुकट उगवतो आणि दरवर्षी गडी लावून काढावा लागतो. पण वरून दिसतं ते मात्र डोळे निववणारं, हे मी उपाशीपोटीही कबूल करतो. पाण्यात पाय सोडून बसलेलं काप फेराचं भूशिर, निळ्यावर पांढऱ्या रेघा ओढत जाणाऱ्या होड्या. साडू क्षितिजाकडे बोट दाखवून सांगत होता की हवा स्वच्छ असली तर कॉर्सिका दिसतं.

"खानावळ खंय दिसता काय बघा," मावशी म्हणाल्या, आणि पिशवीतून मालवणी खाजं काढलं. एका काटेरी झुडपाच्या सावलीत आम्ही पाच जण ते खात बसलो. आल्याचा आणि गुळाचा वास आल्यावर एक फ्रेंच आजोबा थबकून बघून गेले.

एझचा धडा घेऊन सँ-पोल-द-व्हाँसला लवकर निघायचं ठरलं, आणि म्हणून दोनला दहा कमी असताना पोचलो. तटबंदीचं सुंदर गाव, दर दोन दारांआड चित्रांची दुकानं, दुसऱ्या टोकाला दफनभूमीत १९८५ साली वारलेल्या शागाल या चित्रकाराची साधी कबर. वेशीवर एक जुनं हॉटेल आहे. तिथे पूर्वी चित्रकार बिलाऐवजी चित्रं देत, असं म्हणतात. साडूने बिलाऐवजी एक्सेल देण्याची तयारी दाखवली, पण मुळात टेबल मिळायला आधी नोंदणी लागते.

समुद्राने तरी निराशा करू नये, ही कोकणातल्या माणसाची साधी अपेक्षा असते. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही. मुठीएवढे गुळगुळीत गोटे आहेत. त्यावर फ्रेंच माणसं गादीवर लोळावं तशी लोळतात. आम्ही पाण्याकडे निघालो ते एकमेकांचे दंड धरून, आई गं, अगं हळू, असं म्हणत. मावशींनी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला ओहोटीची वेळ विचारून ठेवायला सांगितलं होतं. बायकोने विचारलं तर मुलगी गोंधळली. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी असते ती नावापुरती, वीतभर. मावशी सकाळी एका खडकावर नजर ठेवून बसल्या, संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिलं. पाणी जिथल्या तिथे. "ह्यो कसलो समुद्र?" त्यांनी मनावरच घेतलं.

माशांचीही तीच गत. तिथल्या सॅलडमध्ये, कांद्याच्या पिस्सालादिएरमध्ये अँचोव्ही असतात, म्हणजे आपल्या मांदेलीचे चुलतभाऊ. मावशींनी ते खुशीने खाल्ले असते. पण भूक लागेल तेव्हा नेमका सोमवार किंवा गुरुवार निघायचा.

सुटका झाली ती अगदी खाली, नीसच्या जुन्या गावातल्या फुलबाजारात. वेळ दोन वीस. एका टपरीपुढे रांग होती आणि तिथे कोणी घड्याळ बघत नव्हतं. चाकाएवढी तांब्याची परात, त्यात पातळ पिवळं पीठ, वर तेलाचा तवंग. लाकडाच्या भट्टीतून ती बाहेर आली तेव्हा कडा करपून कुरकुरीत आणि मध्ये फोड आलेले. बाईने उलथन्याने खरवडून तुकडे कागदावर टाकले, वर मिरपूड. याला सोका म्हणतात : हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. मावशींनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, उघडले.

"अगो, ह्यां बेसनाचां धिरडां!"

मग त्या काउंटरवर गेल्या. ओवा का नाही, हिरवी मिरची का नाही, हे त्यांनी मराठीतून आणि चिमटीने समजावलं. बाईने फ्रेंचमधून आणि मिरपुडीच्या डब्याने उत्तर दिलं. मावशींनी डोकं हलवलं, बाईने आणखी मिरपूड घातली. मागच्या रांगेतले लोक अजिबात कुरकुरले नाहीत. एकाने तर बाईच्या बाजूने दोन शब्दही टाकले. शेवटी तह झाला आणि मावशी तीन कागद भरून घेऊन परत आल्या.

साडू एव्हाना फोनवर एक्सेल उघडून बसला होता. "उद्या गुर्दों. सातशे साठ मीटर उंचीवर आहे. खालून मस्त पायवाट आहे म्हणे."

मावशींनी कागदाच्या कोपऱ्यातला करपलेला तुकडा बोटाने निपटून घेतला.

"जावईबापू, तुम्ही दोघे खुशाल जा. आम्ही तिघी इथेच. आणि एक सांगते, जेवायला थांबणार नाही."