एका भाषेला कोड तरी किती?

जुन्या गोव्यात सापडलेले जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष २०२१ साली सन्मानाने मायदेशी पोहोचले. आमच्या ग्रंथालयातील जॉर्जियन पुस्तकाची नोंद मात्र अजून भाषा दाखवणाऱ्या अक्षरी कोडच्या जंजाळात अडकली आहे. दोन अक्षरांत लिहायचे तर के-ए. तीन अक्षरांत के-ए-टी, कारण ते लोक आपल्या भाषेला ‘कार्तुली’ म्हणतात. आणि ‘आयएसओ ६३९’ या भाषा-कोडांच्या त्याच आंतरराष्ट्रीय मानकात ग्रंथसूचीसाठी मात्र इंग्रजी नावावरून जी-ई-ओ! हे वाचून माणसाने पुस्तक भूगोलाच्या कपाटात ठेवायचे काय? त्यातच देशाचा कोड जी-ई, म्हणून कोणीतरी भाषेलाही तोच चिकटवतो. डचचे त्यातल्या त्यात बरे, देश आणि भाषा दोघांनाही एन-एल चालते, असे म्हणावे, तर एन-एल-डी आणि डी-यू-टी हे जुळे तेथेही हजर! एकाच भाषेचे दोन कोड प्रमाण असतील, तर मग अप्रमाण कशाला म्हणायचे? इकडे आमच्या कोंकणीला मात्र दोन अक्षरी कोड एकही मिळालेला नाही. (मराठी सुटली बिचारी, तिचे एम-ए-आर दोन्हीकडे सारखेच.) काल संगणकाने ती नोंद तिसऱ्यांदा परत केली: ‘भाषा अज्ञात’.