जूनमधला बर्फ ‘बसलेला’ असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हिमालयातल्या मे-जूनच्या चढायांवरच्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. उन्हाळ्यात बर्फ बसलेला असतो, तेव्हा हिमस्खलनाचा बाऊ कशाला? रात्री दोनला निघालं की प्रश्न मिटतो. आणि रुळलेल्या वाटेवर दोर बांधला, तर एक घसरला की चौघं जातात. तिसऱ्या आक्षेपात बरंच तथ्य आहे, पहिल्या दोनांत फार कमी.

दोनला निघायचं ते बर्फ गोठलेला मिळावा म्हणून. पण बर्फ घड्याळ बघून गोठत नाही. रात्री आकाश मोकळं असेल तर बर्फाचा पृष्ठभाग उष्णता वर फेकत राहतो, आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी वरचा थर कडक होतो. ढग दाटलेले असले की तीच उष्णता खाली परतते आणि पहाटे तीनलाही बर्फ भुसभुशीत मिळतो. म्हणून तंबूबाहेर आल्यावर आधी चांदण्या दिसतात का ते बघा. मग आइस अ‍ॅक्सचा (बर्फात वापरायच्या कुऱ्हाडीचा) दांडा बर्फात दाबा. दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा फुटून दांडा नुसत्या हाताच्या वजनाने मुठीपर्यंत गेला, तर त्या रात्री बर्फ गोठलेलाच नाही. तळाजवळच पाय घोट्याच्या वर रुतत असेल, तर माझ्या मते चढाई तिथेच सोडावी. वर जाऊन परिस्थिती सुधारेल या आशेवर अनेक जण पुढे जातात. परतताना तोच बर्फ मांडीपर्यंत येतो.

‘बसलेला’ बर्फ म्हणजे हिवाळ्यातला जुना थर. पाच हजार मीटरच्या आसपास जूनमध्येही नवा बर्फ पडतो, आणि वारा तो उचलून डोंगरधारेच्या आडोशाच्या बाजूला नेऊन दाबून बसवतो. जुन्या कडक थरावर अशी दाबलेल्या बर्फाची पाटी नुसती टेकलेली असते, आणि ती सुटून घसरली की हिमस्खलन होतं. पाऊल टाकल्यावर पोकळ आवाज आला किंवा पायाजवळून तडा सरकत गेला, तर ती हीच. आल्प्समध्ये मों ब्लांशेजारच्या मों मोदीवर १२ जुलै २०१२ ला ९ गिर्यारोहक हिमस्खलनात गेले. महिना जुलैचा होता आणि वेळ पहाटेची.

आता पायाखालच्या पोकळ्या. नाल्यावरच्या स्नो ब्रिजबद्दल, म्हणजे वाहत्या पाण्यावर उरलेल्या बर्फाच्या पुलाबद्दल, सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. हिमालयातल्या रुपीनसारख्या खोऱ्यांत सीझनच्या सुरुवातीला असे पूल भक्कम असतात, तेव्हा वाट त्यांच्यावरूनच पडते आणि पुढेही लोक तीच धरून चालतात. पण खालून वाहणारं पाणी आणि त्याच्याबरोबर सरकणारी हवा पुलाचं छत रात्रंदिवस आतून खात असते. रात्रीच्या गारठ्याने वरची बाजू टणक होते, जाडी वाढत नाही. म्हणजे पूल पहाटे जितका भक्कम वाटतो तितका तो असेलच असं नाही. थोडं वर किंवा खाली जाऊन जिथे तोंड उघडं पडलंय तिथून, काठावर न जाता, छताची जाडी बघा. मधोमध खोलगट पट्टा दिसला तर दुसरी जागा शोधा. जावंच लागलं तर एकेकाने, सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडून. इथे पडलेला माणूस प्रवाहाबरोबर बर्फाखाली ओढला जातो, आणि सॅक अंगाला बांधलेली असेल तर सुटण्याची शक्यता आणखी घटते.

मोठ्या खडकांना टेकून चालण्याची सवयही सोडा. उन्हात खडक तापतो आणि त्याच्या कडेचा बर्फ आतून वितळतो. वर झाकण शाबूत दिसतं. खडकावर चढायचंच असेल तर दांड्याने टोचत जा.

दोराचं असं आहे. कडक, तीव्र उतारावर अँकर (दोर पक्का अडकवायचा आधार) नसताना एकमेकांना बांधून घेणं खरोखर घातक आहे. घसरलेल्याचा वेग क्षणात वाढतो आणि बुटाला बांधलेल्या क्रॅम्पॉनच्या दातांवर उभ्या माणसाला तो झटका पेलत नाही. तिथे स्नो स्टेक (बर्फात ठोकायचा खुंटा) ठोकून बिले द्या, म्हणजे चढणाऱ्याला दोराने सांभाळा, फिक्स रोप (जागेवर पक्का बांधलेला दोर) लावा, नाहीतर दोर सोडून प्रत्येकाने आपापलं सांभाळावं. पण बर्फाने झाकलेल्या, मंद उताराच्या ग्लेशियरवर धोका घसरण्याचा नसून खाली क्रेव्हासमध्ये, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगेत, जाण्याचा असतो. काठावर दोर बर्फात रुततो, घर्षण वाढतं आणि मागचे दोघं पडणाऱ्याला धरू शकतात. तिघं असतील तर दोघांमध्ये १० ते १२ मीटर अंतर. दोघंच असतील तर १५ मीटर आणि मध्ये काही गाठी, म्हणजे त्या काठाच्या बर्फात अडकतात. दोर बर्फाला जेमतेम घासेल इतकाच सैल ठेवा. हातात वेटोळी धरून चालणाऱ्याने दोर बांधला काय, न बांधला काय. क्रेव्हास काटकोनात ओलांडा, नाहीतर सगळी टीम एकाच भेगेवर उभी असते. आणि ६ मिमीचा प्रुसिक (दोरावर चढता यावं म्हणून गाठीने अडकवायचा बारीक दोरीचा फास) आधीच दोरावर लावलेला असू द्या. लटकताना तो बांधणं फार अवघड.

रुळलेल्या वाटेने यातलं काहीच बदलत नाही. सकाळी वीस जणांना पेललेला पूल दुपारी एकविसाव्याला पेलेलच असं नाही.

म्हणून निघायची वेळ शिखरावरून नव्हे, शेवटच्या धोकादायक पुलावरून ठरवा. समजा तो परतताना सकाळी १० पर्यंत ओलांडायचाय आणि शिखरावरून तिथे यायला तीन तास लागतात. मग ७ वाजता जिथे असाल तिथून वळायचं. तळापासून शिखरापर्यंत सहा तास लागत असतील, तर १ ला निघायला हवं. दोनला निघालात तर शिखर एका तासाने हुकतं. वाट पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावरून असेल तर ऊन तिथे आधी पोचतं, तेव्हा १० ऐवजी ८ धरा आणि बाकीचा हिशेब दोन तास मागे न्या.