जामीन मिळाला, जामीनदार मिळेना

जेल भरलं की सोलापुरात मागणी ठरलेली: गावाबाहेर नवं, मोठं कारागृह बांधा. तिकडे इंग्लंडमध्येही जेलं भरली. १० सप्टेंबर २०२४ पासून सरकारनं बऱ्याच कैद्यांना निम्म्याऐवजी ४० टक्के शिक्षा भोगल्यावर सोडायला सुरुवात केली. त्या गडबडीत ३७ जण चुकून सुटले. त्यांचे गुन्हे रद्द झालेल्या जुन्या कायद्याखाली नोंदलेले, म्हणून सुटकेतून वगळायच्या गुन्ह्यांच्या चाळणीत अडकलेच नाहीत.

हा उपाय आपल्याकडे चालणार नाही. इंग्लंड-वेल्समध्ये निकालाची वाट पाहणारे साधारण पाचात एक. भारतात २०२२ अखेर ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शिक्षाच झालेली नाही, तर सूट कशात देणार?

आपली गाडी अडते ती जामिनाच्या कागदावर. कोर्ट म्हणतं, पंधरा हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मग सात-बारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशन कार्ड, कुठं कुठं तहसीलचा ऐपतीचा दाखला. यंत्रमागावरच्या कामगाराचं घर भाड्याचं, जमीन असलीच तर भावाच्या नावावर, तीही कलबुर्गीकडं. परजिल्ह्यातला जामीनदार म्हणून नाकारू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात सांगितलंय. तो मोतीरामही कष्टकरीच, गवंडी होता.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, २०२३ च्या नियमांत कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत. पण आदेशात माणूस मागितलेला असतो, पैसे नव्हे. आधी रोख जामिनाचा अर्ज द्यावा लागतो. तो सहसा कुणी देत नाही.

नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ कामाचं आहे. साध्या चोरीला कमाल शिक्षा ३ वर्षं. पहिलाच गुन्हा असेल तर १ वर्ष आत काढल्यावर सुटका, आणि कोर्टाकडे अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकाची. मेख पोटकलम २ मध्ये आहे: एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तर लाभ नाही. मोटारसायकल चोरीत पकडलेल्या पोरावर चार गुन्हे लागले की संपलंच.

इंग्लंडमध्ये जामिनाला सहसा पैसा लागत नाही. पत्ता, ठरलेल्या वेळेत घरातच राहायची अट, पायात इलेक्ट्रॉनिक टॅग, पोलिसांत हजेरी. तारखेला गैरहजर राहिला तर तो वेगळा गुन्हा. क्राउन कोर्टात (गंभीर गुन्ह्यांचं कोर्ट) खटल्याआधीच्या कोठडीची मर्यादा १८२ दिवस, वाढ हवी तर सरकारी पक्षानं कारण द्यायचं. खटले तुंबल्यानं अशी वाढ तिथंही सर्रास मिळते, हेही खरं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार, जामीन मंजूर होऊन ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी यंत्रणा) कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अट सैल करू शकतं. नव्या जेलसाठी जागा शोधण्याआधी आपल्या जेलमधली ती ७ दिवसांची यादी मागवा, आणि त्यात दुसऱ्या महिन्यातही तीच नावं किती आहेत ते मोजा.