पस्तीस जीबीचा हिशेब

माझा लॅपटॉप 2014 चा. बटण दाबून चहा ठेवावा, तर चहा उतू गेला तरी पडद्यावरचं चक्र गरगरतच असायचं. जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची नव्या जातीची वेगवान डिस्क टाका, नव्यासारखा पळेल, असं ज्यानं त्यानं सांगितलं. ऑनलाइन मागवली, तर 22 मिलिमीटर रुंद आणि 80 लांब अशी एम डॉट टूची चपटी पट्टी आली. माझ्या लॅपटॉपात तिला बसायला जागाच नाही. ती परत पाठवली आणि अडीच इंची, साटावाली, म्हणजे जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी घ्यायला नवी पेठ गाठली. इथपर्यंतचा गाढवपणा माझा, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे दुकानातल्या स्टुलावर बसलेल्या मामांबद्दल.

मामांना दुकानात काहीच घ्यायचं नव्हतं. घरची लाइट गेली होती, बाहेर 42 डिग्री, आणि इथं एसी. दुकानातल्या पोरानं जुन्या डिस्कवरचा माल नवीवर उतरवायला लावला आणि दीड तास लागेल म्हणाला. मग काय, मामांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"जुनी काढताय कशाला? चालतीय की."

"हळू आहे हो. आत तबकडी फिरते. मिनिटाला फक्त 5400 फेरे."

मामा उभेच राहिले. "फक्त? मी तीस वर्षं जॉबर होतो, मागांवरचा मुकादम. आमचा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे धोटे मारायचा तर मालक खूश. ही 5400 मारती आणि तुमाला हळू वाटती?"

मी म्हटलं, नव्यात काही फिरतच नाही, सगळं चिपमध्ये. त्यांनी नव्या डिस्कचा रिकामा खोका उचलला, कानाशी धरला, हलवला. मग माझ्याकडं असं पाहिलं, की फसवलं गेलेलं गिऱ्हाईक बघायला मिळणं हाही एसीइतकाच फुकटचा आनंद.

खरी फजिती पुढं झाली. डिस्क बसली, स्क्रू लागले, लॅपटॉप अठरा सेकंदांत चालू. मी जग जिंकल्यासारखा इकडं तिकडं पाहतोय, तर मामांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्याला नाक लावलं.

"खोक्यावर 500 लिवलंय. हितं 465. पस्तीस कुठं गेले?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चारही वळली. मी समजावायला गेलो: कंपनीचा जीबी हजाराच्या हिशेबानं, म्हणजे हजार गुणिले हजार गुणिले हजार बाइट; विंडोज तेच बाइट 1024 नं तीनदा भागतं आणि तरी त्याला जीबीच म्हणतं, म्हणून आकडा घटतो. दोघंही बरोबर.

"म्हंजे द्यायचं माप येगळं, घ्यायचं येगळं. आन् दोघं बी बरोबर."

"ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर 2009 पासून हजारानंच मोजतात, तिथं 500 चे 500 दिसतात," मी उगाच बोललो.

"मग ते घ्यायचं की वो!"

आता खरं सांगतो, मलाही राग आलाच. दूधवाल्यानं लिटरमागं सत्तर मिली कमी घातलं, तर आमची गल्ली त्याला पातेल्यासकट बाहेर काढेल. आणि हे छापील खोक्यात, सीलबंद. मी दुकानदाराला म्हटलं, मग मीही बिल सात टक्के कमी देतो, माझं माप वेगळं आहे. तो हसला नाही. मजुरीचे तीनशे वेगळे, एवढंच बोलला.

तेवढ्यात मामांनी विचारलं, "जुन्यात किती दिसत होते?"

पोरानं तत्परतेनं सांगितलं, "त्यात पण 465च."

"दहा वर्षं?" मामा हळूच म्हणाले. "दहा वर्षं तुमच्या ध्यानातच नाय आलं?"

चारपैकी एका गिऱ्हाइकानं खोकल्याचं सोंग केलं. दहा वर्षांत मी पाणीपट्टीची पावती तपासलीय, भेळेतले शेंगदाणे मोजलेत. हे राहिलं. जुनी डिस्क खिशात कोंबून निघालो, तर मागून आवाज आला, "घरी जाऊन नीट बगा, असतील कुटंतरी!"

काल पार्क चौकात सिग्नलला उभा होतो. शेजारच्या रिक्षातून ओळखीचं डोकं बाहेर आलं.

"वो साहेब! सापडले का पस्तीस?"

मी सरळ समोर बघत राहिलो. पलीकडच्या स्कूटरवरच्या बाईंनी हेल्मेटची काच वर केली. "किती गेले वो? हजार का लाख?"

सिग्नल सुटायला अजून चाळीस सेकंद होते. तेवढ्यात लॅपटॉप दोनदा चालू झाला असता.