दोन हजारांचं रीळ, लाखाचं रीळ आणि मेसेजमधून गळलेलं मधलं

गळाने मासे गरवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज दर पावसाळ्यानंतर नव्याने फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. रीळ म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, महागात पैसे फक्त नावाचे. दोन हजारांच्या रिळात १३ बेअरिंग आणि पंचवीस हजारांच्यात सात, मग भारी कोणतं? ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी आवरत सोडणाऱ्या ब्रेकचा, आकडा दोन्ही डब्यांवर सारखाच. महाग रिळात भाग जास्त, म्हणून बिघाड जास्त. खाऱ्या पाण्याने दोन्ही गंजतात. आणि आपले कोळी रिळाशिवाय मासे काढतातच की! यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे, त्याकडे येऊच.

आधी ‘चाक’. स्पिनिंग रिळात गळ फेकताना स्पूल (दोरी गुंडाळलेला भाग) फिरतच नाही, दोरी त्याच्या काठावरून वेटोळ्यांनी सुटते. त्यामुळे लांब फेक पडावी म्हणून महाग रीळ घेणारा फसतो, इथे मेसेजवाल्यांशी वाद नाही. फेक ठरते रॉड, आमिषाचं वजन, दोरीची जाडी आणि स्पूल किती भरलंय यावर. दोरी काठापासून दीड-दोन मि.मी. खाली हवी. त्याहून कमी भरली तर काठाला घासते, काठोकाठ भरली तर गुंता ठरलेला.

पैसे कामाला येतात ते मासा लागल्यावर. हँडलची फिरकी काटकोनात वळवून रोटरला (स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणाऱ्या भागाला) द्यायचं काम मोठं दातेरी चाक आणि पिनियन हे छोटं दातेरी चाक करतात. स्वस्त रिळात हे चाक बहुधा साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूचं आणि बॉडी प्लॅस्टिकची. ओढ आली की बॉडी केसभर पिळते, दात पूर्ण बसत नाहीत, नुसत्या टोकांवर घासतात. थोड्याच दिवसांत खरखर सुरू होते. लोक तिला वाळू समजून ग्रीस भरतात, पण झिजलेला दात ग्रीसने भरत नाही. वरच्या किमतीत मशीनवर कातलेलं पितळ किंवा थंड घडवलेलं ॲल्युमिनियम मिळतं, शिवाय धातूची बॉडी. दुकानात रिकामं रीळ फिरवून ‘लोण्यासारखं चालतं’ म्हणू नये. एका हाताने रोटर घट्ट धरा, दुसऱ्याने हँडलवर जोर द्या आणि रॉडला बसणारा रिळाचा पाय बॉडीला जिथे जुळतो तिकडे बघा. पीळ डोळ्यांना दिसतो.

बेअरिंगचा मुद्दा तर मेसेजवरच उलटतो. मोठ्या चाकाच्या दोन बाजूंना दोन, पिनियनला एक-दोन, लाइन रोलरला (गुंडाळताना दोरी ज्यावरून वळते त्या छोट्या रोलरला) एक, एवढी चांगली असली की काम भागतं. पुढची बहुतेक डब्यावर छापण्यासाठी. खाऱ्या पाण्यात प्रत्येक उघडं बेअरिंग म्हणजे गंजायला आणखी एक जागा.

ड्रॅग. डब्यावरचा आकडा म्हणजे नॉब पूर्ण आवळल्यावर किती किलोला दोरी सुटते, एवढंच. गरवताना आपण दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावतो. १२ किलोच्या ब्रेडला (विणलेल्या दोरीला) तीन ते चार किलो. हे तीन किलो पहिल्या झटक्यालाही तीनच राहतात का, हा खरा प्रश्न. वाळलेल्या किंवा भिजलेल्या फेल्ट वॉशरचं ड्रॅग आधी चिकटतं, मग एकदम सुटतं. त्या क्षणी पाच-सहा किलोचा हिसका बसतो आणि जिताड्याच्या तोंडातली गरी निसटते. त्यात स्पूल रिकामं होत गेलं की ड्रॅग आपोआप वाढतं. दोरीची त्रिज्या २८ मि.मी.वरून २१ वर आली की तीन किलोचे चार होतात, नॉबला हात न लावता. हे महाग रिळातही होतं, पण तिथे ड्रॅग पहिल्यापासून एकसारखं सुटतं म्हणून हिशेब लागतो.

मग उष्णता. खाडीत तीन किलोवर मासा सेकंदाला दोन मीटर दोरी नेतो, तेव्हा वॉशरमध्ये साठेक वॉट तयार होतात. काही बिघडत नाही. अंदमानात मोठी ट्रेव्हली किंवा ट्यूना दहा किलोच्या ड्रॅगवर सेकंदाला दहा मीटर ओढते तेव्हा हाच आकडा हजाराच्या आसपास जातो. म्हणजे कपड्यांची इस्त्री, मुठीएवढ्या स्पूलमध्ये. लाखाच्या घरातलं शिमानो कंपनीचं स्टेला एसडब्ल्यू किंवा दाइवा कंपनीचं सॉल्टिगा या कामासाठी आहे. कातळावरून तांबोशी गरवायला ते घेणं म्हणजे हौस. हौसेला मोल नसतं, पण तिला गरज म्हणू नये.

आता तो बराचसा खरा मुद्दा, गुंतागुंत. दाइवाच्या मॅगसीलमध्ये लोहकणांचं तेल चुंबकाने जागेवर धरून पाणी अडवतात. तिथे घरचं तेल टाकलं की ते तेल पातळ होतं आणि सील गेलं. असं रीळ घरी उघडायचं नसतं, आणि जवळ सर्व्हिस नसेल तर हा खर्च किमतीतच धरावा. पण ‘साधं रीळ बिघडत नाही’ हे मात्र चूक. हँडल उलटं फिरू न देणारा रोलर क्लच आता स्वस्त रिळातही असतो, आणि तो बऱ्याचदा मालकच बिघडवतो, जाड ग्रीस भरून. रोलर चिकटतात आणि गरी रुतवायला झटका दिला की हँडल मागे सटकतं. क्लच अख्खाच बाहेर काढा, सुटा करू नका (स्प्रिंगा उडतात), आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा, पातळ तेलाचा एकच थेंब द्या. नामवंत मॉडेलला भागांचा नकाशा आणि क्रमांक मिळतात, बिननावाच्या रिळाला पिनियन शोधत फिरा.

गंज दोन्हींना लागतो, वेगवेगळ्या वेगाने. पेन कंपनीच्या स्पिनफिशर ६ ला आयपीएक्स ५, स्लॅमर ४ ला आयपीएक्स ६ हा दर्जा आहे. दोन्ही पाण्याच्या फवाऱ्यासाठी, बुडवण्यासाठी नव्हेत. धुताना ड्रॅग आवळा, नळाची बारीक धार अर्धा मिनिट द्या, पुसा, ड्रॅग सैल करून सावलीत ठेवा. बादलीत बुडवू नका आणि गाडी धुण्याचा प्रेशर पंप तर मुळीच नको, तो मीठ आत ढकलतो. सर्वांत आधी जातो लाइन रोलर. तो अडकला की दोरी त्याच्यावर घासून तुटते आणि दोष गाठीवर येतो. बोटाने फिरवून बघायला दोन सेकंद लागतात. मॅगसील नसेल तर तिथे दर फेरीनंतर तेलाचा थेंब.

म्हणून खाडी आणि कातळासाठी, महिन्यातून दोन-तीनदा जाणाऱ्याला धातूच्या बॉडीचं, ड्रॅगमध्ये कार्बन वॉशर असलेलं, दहा ते वीस हजारांतलं रीळ पुरे. मेसेजने नेमका हाच मधला गट गाळलाय. वर्षातून चारदा जाणाऱ्याने दोन हजारांचंच घ्यावं आणि उरलेल्या पैशांत चांगली ब्रेड घ्यावी.

राहिले कोळी. ते जाड तंगूस होडीतून खाली सोडतात, फेकत नाहीत. आणि त्यांचं ड्रॅग म्हणजे त्यांची बोटं, मासा धावला की सैल, थांबला की आवळलेली.