गोळीतली 'माती' ही भेसळ नव्हे

'औषध कंपन्या वजन वाढवण्यासाठी गोळ्यांत चक्क माती भरतात. ती पोटात साठते, औषधही शोषून घेते. त्यापेक्षा शेतातली शुद्ध माती पाण्यातून घ्यावी,' असा मजकूर मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. तो वाचून रुग्णाने चालू औषध थांबवले तर अपाय त्याचाच होईल, म्हणून त्यातले एकेक विधान तपासायला हवे.

वजन वाढवण्यासाठी माती घालतात, हा आरोप टिकत नाही. गोळीवर लिहिलेले मिलिग्रॅम औषधी द्रव्याचे असतात, सबंध गोळीचे नव्हेत. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइड औषधाची नुसती ५ मिलिग्रॅमची गोळी हातात धरताही येणार नाही, म्हणून पूरक द्रव्य, म्हणजे गोळीला आकार देणारा औषधाव्यतिरिक्तचा पदार्थ, घालावेच लागते.

'माती औषध शोषून घेते' हे मात्र अर्धसत्य आहे आणि खरा विषय इथेच आहे. गोळीतली ही 'माती' म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटसारखे चिकणमातीचे खनिज. त्याचे थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे आणि ऋणभारित असतात. धनभारित औषधे त्या थरांमध्ये घट्ट धरली जातात व सावकाश सुटतात. ग्रिसिओफल्विनसारख्या भाररहित औषधाची गोष्ट वेगळी आहे. गजकर्णावरचे हे औषध पाण्यात फारच कमी विरघळते, म्हणूनच ते स्निग्ध जेवणासोबत घ्यायला सांगतात. ते या खनिजाच्या विस्तीर्ण, पाणी चटकन ओढणाऱ्या पृष्ठभागावर पातळ पसरवले, की त्याचा पाण्याशी संपर्क कितीतरी वाढतो, आणि पकड सैल असल्याने ते लवकर सुटते. मॅकगिनिटी आणि हॅरिस या संशोधकांनी १९८० मध्ये ग्रिसिओफल्विन, इंडोमेथासिन आणि प्रेडनिसोन यांच्या विरघळण्याचा वेग अशा रीतीने वाढल्याचे प्रयोगशाळेत दाखवले. अर्थात, परीक्षानळीतला वेग म्हणजे रुग्णाला झालेला गुण नव्हे. तो गुण प्रत्येक औषधासाठी स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

पोटात साठण्याची भीती निराधार आहे, कारण हे कण आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाहीत, मलावाटे बाहेर पडतात.

शेतातली माती खाण्याचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. आपल्या काळ्या जमिनीत याच गटातील खनिजे असतात, हे खरे. पण तिच्यात जंतू, कृमींची अंडी आणि कीटकनाशकांचे अंशही असू शकतात. औषधी दर्जाच्या खनिजासाठी शिसे, आर्सेनिक आणि जंतू यांच्या मर्यादा ठरलेल्या असतात. तरीही शिशाच्या अंशामुळे फ्रान्सच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये जुलाबावरची माती-आधारित औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत असे सांगितले. शुद्धतेबद्दल इतकी कसून चौकशी होते, ती योग्यच आहे. केओलिन या पांढऱ्या चिकणमातीचे जुलाबावरचे औषध डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासोबतच घेतल्यास डिगॉक्सिन कमी शोषले जाते, म्हणून हृदयरुग्णांनी या दोन औषधांमधले वेळेचे अंतर डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.